कॅथरिन: एका नांवाची कुळकथा

ज्या वाचकांनीं जुनें गोवें पाहिलें असेल त्यांस से कॅथेड्रलची ती एकाच मनोऱ्याची भव्य इमारत खचित आठवत असेल. परंतु तिच्या पश्चिमेस, सेंट फ्रान्सिसच्या मंदिराच्याही पलीकडे, एक लहानसें चॅपेल आहे. तिकडे वांकडी वाट करून जाणारे थोडे. त्याच्या भिंतींतील शिळेवर पोर्तुगीज भाषेंत असें नमूद आहे कीं, याच जागीं शहराचा दरवाजा होता, इ. स. १५१० सालीं संत कातारिनेच्या सणाच्या दिवशीं आफोन्सु द आल्बुकेर्क त्यांतून आंत शिरला, आणि त्याच्या स्मरणार्थ १५५० सालीं गव्हर्नर जोर्ज काब्राल यानें हें चॅपेल बांधविलें. तो दिवस २५ नोव्हेंबरचा. गोव्याचा आणि या संत कातारिनेचा मूळ संबंध म्हणाल तर इतकाच; गोवें आणखी एक दिवस तग धरतें तर दुसऱ्याच एखाद्या संताचें दैव उघडलें असतें! पण एकदां जडलेला संबंध सुटला नाहीं. पुढें बांधलेलें से कॅथेड्रल तिलाच वाहण्यांत आलें. १९३५ सालीं पोर्तुगीज हिंदुस्थानास जें राजचिन्ह मिळालें त्यांत तिचें चाक होतें. आणि मुंबई बेट ज्या राजकन्येच्या आंदणांत इंग्रजांकडे गेलें तीही कातारिनाच. एका परक्या नांवाची आपल्या किनाऱ्याशीं इतक्या वेळां गांठ पडावी आणि त्या नांवाच्या कुळाची आपणांस कांहींच वार्ता नसावी, हें कांहीं बरें नव्हे. म्हणून हा प्रयत्न.

कातारिना म्हणजेच इंग्रजी कॅथरिन. नांव मूळचें ग्रीक. त्याचें जुनें लेखी रूप ‘ऐकातेरिनी’ असें आहे. मध्ययुगीन ग्रीक उच्चारांत आरंभींच्या ‘ऐ’ चा ‘ए’ झाला आणि लोक ‘एकातेरिनी’ म्हणूं लागले. याचा अर्थ काय, असें कोणासही विचारावें; ‘शुद्ध’, ‘निर्मळ’ असें उत्तर ठरलेलें. नांवांच्या अर्थांचीं जीं पुस्तकें युरोपांत घरोघर असतात त्यांतही हेंच लिहिलेलें असतें. ग्रीक भाषेंत ‘काथारॉस’ म्हणजे शुद्ध. ॲरिस्टॉटलच्या ज्या ‘कॅथार्सिस’वर आपल्याकडील रसचर्चेंत इतकी शाई खर्ची पडली आहे, तो शब्दही याच घरचा. अर्थ गोड, संतिणीला शोभणारा, मुलीच्या बापाला आवडणारा. दोष एवढाच कीं तो मागाहून चिकटविलेला आहे.

याची साक्ष त्या नांवांतील अक्षरेंच देतात. ‘काथारॉस’मध्यें ‘थ’ आहे. ‘ऐकातेरिनी’मध्यें ‘त’ आहे. प्राचीन ग्रीकांना हे दोन वर्ण आपल्याइतकेच वेगळे वाटत. ‘तान’ आणि ‘थान’ यांची गल्लत आपण करूं तर तेही करते. शिवाय आरंभींच्या ‘ऐ’ ची वाट काय लावावयाची? ‘काथारॉस’च्या मागें तो कोठून आला, याचें उत्तर नाहीं. लॅटिनमध्येंही हें नांव प्रथम ‘कातेरिना’ असें ‘त’ नेंच लिहीत. पुढें ग्रीक जाणणाऱ्या पंडितांना त्यांत ‘शुद्ध’चा भास झाला आणि त्यांनीं ‘त’ चा ‘थ’ करून ‘काथारिना’ केलें. इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन लेखनांत जो ‘थ’ आज दिसतो तो त्या पंडितांच्या लेखणींतून उतरलेला आहे. फ्रेंच मनुष्य तो लिहितो खरा, पण उच्चार मात्र ‘कातरीन’ असा जुन्या ‘त’ नेंच करतो!

असले प्रकार आपल्याकडे का थोडे झाले? मुंबईचें पोर्तुगीज नांव ‘बोंबाइं’. त्यावरून ‘बों बाइया’ म्हणजे चांगलें बंदर अशी व्युत्पत्ति कोणीं लढविली आणि शाळेच्या पुस्तकांतून ती पिढ्यान्पिढ्या पाठ झाली. वस्तुतः ‘बाइया’ शब्द स्त्रीलिंगी. त्याला ‘बों’ हें पुल्लिंगी विशेषण पोर्तुगीज मनुष्य लावणारच नाहीं, तो ‘बोआ’ म्हणेल. पण अर्थ गोड लागला कीं व्याकरणाकडे कोण पाहतो?

मग खरा अर्थ कोणता? एक पक्ष म्हणतो, ‘हेकातेरॉस’ म्हणजे ‘दोहोंपैकीं प्रत्येक’ या शब्दावरून हें नांव निघालें. दुसरा पक्ष ‘हेकाती’ या देवीकडे बोट दाखवितो, आणि मला या पक्षाची गंमत वाटते. ही हेकाती रात्रीची, जादूटोण्याची आणि तिठ्यांची देवता. जेथें तीन वाटा मिळतात तेथें अंवसेच्या रात्रीं तिच्यासाठीं अन्न ठेवीत. कोंकणांतील वाचकास तिठ्यावरचा उतारा आठवल्यावांचून राहणार नाहीं! ख्रिस्ती धर्मांतील एका श्रेष्ठ कुमारिकेचें नांव अशा देवतेवरून निघावें हें भाविकांना रुचलें नाहीं तर नवल नाहीं. दोन्ही पक्षांना पुरावा मात्र बेताचाच आहे, आणि वाद अद्याप मिटलेला नाहीं. ‘शुद्ध’ हा अर्थ मुळांतला नव्हे, येथपर्यंत आपण निःशंकपणें जाऊं शकतों. त्यापुढें धुकें आहे.

आतां ती संतीण. कथा अशी कीं चौथ्या शतकाच्या आरंभीं अलेक्झांड्रिया शहरीं एका थोर कुळांत ती जन्मली, अठराव्या वर्षींच सर्व शास्त्रांत पारंगत झाली, आणि ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या बादशहास तिनें तोंडावर जाब विचारला. बादशहानें पन्नास तत्त्वज्ञ तिच्याशीं वाद करण्यास बसविले. तिनें पन्नासांनाही जिंकलें आणि ते तिच्याच धर्मांत आले. गार्गीची आठवण व्हावी असा हा प्रसंग. पण जनकाच्या सभेंत प्रश्न विचारणारीला धाक मिळाला तो शब्दांचाच. येथें वादांत हरलेल्यांना जाळण्यांत आलें आणि जिंकणारीसाठीं खिळे ठोकलेलीं चाकें तयार झालीं. तिचा स्पर्श होतांच चाकें मोडलीं, म्हणून अखेर तिचा शिरच्छेद केला. देवदूतांनीं तिचें शव उचलून सिनाई पर्वतावर नेलें.

इतिहासाच्या कसोटीस यांतलें फारसें उतरत नाहीं. तिच्या काळचा एकही लेख तिचा उल्लेख करीत नाहीं. कथा सांपडते ती कित्येक शतकांनंतरची. कांहीं विद्वानांना तर यांत निराळ्याच एका स्त्रीची छाया दिसते. इ. स. ४१५ मध्यें त्याच अलेक्झांड्रियांत हिपेशिया नांवाच्या गणित व तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या विदुषीस जमावानें ठार मारलें. ती ख्रिस्ती नव्हती. जमाव ख्रिस्ती होता. कॅथरिनची कथा म्हणजे हिपेशियेचीच उलटी केलेली कथा, असा हा तर्क. तो सिद्ध झालेला नाहीं, पण सहज झटकून टाकण्याजोगाही नाहीं. रोमन कॅथलिक पीठानेंच १९६९ सालीं आपल्या सार्वत्रिक पंचांगांतून तिचा सण काढून टाकला आणि २००२ सालीं ऐच्छिक म्हणून परत घेतला.

ती ऐतिहासिक असो वा नसो, तिचें नांव मात्र जगभर चाललें. सिनाई पर्वताच्या पायथ्याशीं सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहानें बांधविलेला मठ पुढें तिच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. तेथून तिच्या अस्थींचा अंश अकराव्या शतकांत फ्रान्सच्या रुआं शहरीं आला, आणि नॉर्मन लोकांनीं तिची भक्ति जेथें ते गेले तेथें नेली. चाक हें तिचें चिन्ह झालें. म्हणून गाडे घडविणारे सुतार, पिठाच्या गिरणीवाले, सूत कातणाऱ्या बाया, सारे तिला आपली मानूं लागले. वादपटु म्हणून पंडितांचीही ती कैवारीण. पॅरिसमध्यें पंचवीस वर्षांच्या होऊनही लग्न न झालेल्या मुली तिच्या सणास हिरव्यापिवळ्या टोप्या घालून मिरवीत. त्यांना ‘कातरिनेत’ म्हणत. आणि दिवाळींत आपलीं मुलें जें भुईचक्र लावतात त्याची खुंटीवर उभी फिरणारी बहीण इंग्रज मुलांना ‘कॅथरिनचें चाक’ म्हणून ठाऊक आहे. छळाच्या यंत्राची शोभेची दारू झाली!

नांव इतके देश फिरलें म्हणजे त्याचीं अक्षरें झिजावयाचींच. पश्चिमेकडे जातांना आरंभींचा स्वर गळाला. तो रशियनांनीं मात्र ग्रीक धर्मगुरूंकडून जसाच्या तसा घेतला, म्हणून त्यांच्याकडे ‘येकातेरिना’. इटलींत ‘कातेरिना’, पोलंडांत ‘काताझिना’, हंगेरींत ‘कॉतॉलिन’, स्पेनमध्यें ‘कातालिना’. या शेवटच्या दोहोंत ‘र’ चा ‘ल’ झाला आहे. ‘रलयोरभेदः’ हें सूत्र घोकलेल्या आपल्या वाचकांस त्याचें आश्चर्य वाटूं नये. डेन्मार्कांत तर मधला व्यंजनच पडून ‘कारेन’ एवढेंच उरलें, आणि हॉलंडांत डोकें उडून ‘त्राइन्त्ये’ हें शेपूट राहिलें. ‘त्राइन्त्ये’ आणि ‘येकातेरिना’ या सख्ख्या बहिणी आहेत हें सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानांत यावें?

आयर्लंडची हकीकत या सर्वांत चमत्कारिक. तेथें नॉर्मन लोकांबरोबर ‘कातेलीन’ हें फ्रेंच रूप गेलें; आयरिश तोंडांत त्याचें ‘काइतलीन’ झालें, आणि इंग्रजांनीं तें कानानें ऐकून ‘कॅथलीन’ असें लिहिलें. पुढें आयरिश लोकांनीं हें परकें पाहुणें नांव आपल्या मायभूमीसच दिलें. येट्स आणि लेडी ग्रेगरी यांचें जें नाटक १९०२ सालीं डब्लिनमध्यें झालें त्यांत दारीं आलेली म्हातारी कॅथलीन म्हणजे प्रत्यक्ष आयर्लंड होय. तिच्या हांकेसरशीं नवरामुलगा लग्न टाकून लढावयास जातो. गंमतीचा भाग पुढेंच आहे. विसाव्या शतकांत अमेरिकेंतील लोकांनीं आयरिश स्पेलिंग पाहिलें, तें इंग्रजी रीतीनें वाचलें, आणि ‘केटलिन’ असें नवेंच नांव जन्मास आलें. एकदां कानानें चुकून कॅथलीन झाली, एकदां डोळ्यानें चुकून केटलिन झाली.

रशियाच्या गादीवर ज्या दोन कॅथरिन बसल्या त्यांची कथा आपल्याकडील स्त्रियांना जवळची वाटेल. कारण त्या दोघींपैकीं एकही जन्मतः कॅथरिन नव्हती. पहिली लिव्होनियांतील गरीब घरची मार्था. १७०२ मध्यें रशियन सैन्याच्या हातीं लागली, दासीपण करतां करतां पीटर बादशहाच्या नजरेस आली, रशियन पंथाची दीक्षा घेतली तेव्हां येकातेरिना झाली, आणि १७२५ पासून दोन वर्षें राज्य करून गेली. दुसरी, जिला इतिहास ‘थोर’ म्हणतो, ती एका लहानशा जर्मन संस्थानिकाची मुलगी सोफिया. चवदा-पंधराव्या वर्षीं रशियाच्या युवराजासाठीं तिला आणविली. सोफिया हेंही ग्रीकच नांव, अर्थ ‘प्रज्ञा’. त्यांत वाईट असें कांहीं नव्हतें. पण पीटरशीं वैर मांडलेल्या त्याच्या सावत्र बहिणीचें तें नांव असल्यामुळें राजवाड्यांत नकोसें झालें होतें, असें सांगतात. १७४४ सालीं दीक्षेच्या वेळीं त्या मुलीस सासूबाईंच्या जागीं असलेल्या एलिझाबेथ राणीच्या आईचें, म्हणजे त्या पूर्वीच्या मार्थेचें, नांव देण्यांत आलें. आणि बापाचें नांव ख्रिश्चन असतां ‘आलेक्सेयेव्ना’ हें पितृनामही तिचेंच जोडलें. तांदळांच्या ताटांत अंगठीनें नवें नांव लिहितांना आपल्याकडील वधूचें माहेरचें नांव पुसलें जाई, तरी बापाचें नांव कोणी बदलीत नसे. या सोफियेनें पुढें नवऱ्यास पदच्युत करून १७६२ पासून १७९६ पर्यंत राज्य केलें.

रशियन भाषेंत याच नांवाचीं लघुरूपें इतकीं आहेत कीं त्यांवरून मनुष्याची पायरी कळते. टॉल्स्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ कादंबरींतील अभागी नायिका अर्धी मोलकरीण आणि अर्धी मानसकन्या अशी वाढलेली. म्हणून तिला घरांत ‘कात्का’ हें हलकें नांव नाहीं, ‘कातेन्का’ हें लाडाचेंही नाहीं, तर मधलें ‘कात्यूशा’ हें मिळालें, असें टॉल्स्टॉय मुद्दाम सांगतो. ‘रखमी’, ‘रखमा’ आणि ‘रखमाबाई’ यांतील अंतर ज्यांना कळतें त्यांना यावर टीका नको. पुढें याच ‘कात्यूशा’ नांवाचें एक गाणें रशियांत घरोघर झालें, आणि १९४१ पासून जर्मनांवर आग ओकणाऱ्या अग्निबाणांच्या गाड्यांना सैनिकांनीं तेंच नांव दिलें.

इंग्लंडांत आठव्या हेन्रीच्या सहांपैकीं तीन बायका कॅथरिन होत्या, हें सर्वांस ठाऊकच आहे. शेक्सपिअरच्या एका नाटकांत कॅथरिना ही महाकजाग मुलगी. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनीं तें मराठींत आणलें तेव्हां नाटकाचें नांवच ‘त्राटिका’ ठेवलें. ज्या नांवाचा अर्थ ‘शुद्ध’ म्हणून पढविला जातो त्याचें मराठी भाषांतर रामायणांतील राक्षसी व्हावी! आणि हल्लीं अमेरिकेंत उठल्यासुटल्या तक्रार करणाऱ्या बाईस ‘कॅरन’ म्हणून हिणवितात. ती आमची डेन्मार्कची कारेनच.

आतां पुन्हां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. पोर्तुगालची राजकन्या कातारिना २५ नोव्हेंबर १६३८ रोजीं जन्मली. नांव शोधावें लागलेंच नाहीं, पंचांगांतच होतें. १६६१ सालीं तिचें लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशीं ठरलें, आणि मोठी रोकड व आफ्रिकेंतील टँजिअर यांच्याबरोबर मुंबई बेटही आंदणांत निघालें. गोव्याचा पोर्तुगीज अधिकारी आंतोनियु द मेलु द काश्त्रु यास हें बेट सोडवेना. इंग्रज मुंबईस बसले त्या दिवशीं हिंदुस्थान आपल्या हातचा गेला असें समजावें, असें त्यानें आपल्या राजास स्पष्ट लिहून कळविलें. त्याच्या दिरंगाईमुळें बेट ताब्यांत घेण्यास आलेलें इंग्रज पथक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडलें आणि त्यांतील बहुतेक माणसें, मुख्य अंमलदारासह, तेथेंच रोगानें मेलीं. अखेर १६६५ त मुंबई इंग्रजांकडे आली, आणि १६६८ सालीं चार्ल्स राजानें ती वर्षाला दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकली. ज्या स्त्रीचें हें आंदण, तिनें मुंबई कधीं पाहिली नाहीं. तिला मूल झालें नाहीं, राजाचें लक्ष दुसरीकडे, प्रजेस तिचा धर्म नकोसा. वैधव्यानंतर १६९२ मध्यें ती पोर्तुगालास परत जाण्यास निघाली आणि १७०५ त वारली.

परंतु मुंबई बेटाचा या नांवाशीं संबंध याहून शंभर वर्षें जुना आहे. इ. स. १५५४ च्या सुमारास हें बेट गार्सिया द ओर्ता या वैद्यास खंडानें मिळालें होतें. हिंदुस्थानांतील वनस्पति व औषधें यांवर त्यानें लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत आपल्या त्या बेटावरील वर्षांतून दोनदां फळणाऱ्या आंब्याचें तो मोठ्या कौतुकानें वर्णन करतो. ग्रंथास कवि कामोंइश याची प्रस्तावनेदाखल एक कविता आहे. दोघांची गोव्यांत मैत्री होती. हा कामोंइश आपल्या कवितांतून ज्या स्त्रीस आळवितो तिचें नांव ‘नातेर्सिया’. ‘कातेरिना’ या नांवाचींच अक्षरें त्यानें उलटींपालटीं करून तें बनविलें. पुढें पोर्तुगीज लोक आपल्या मुलींचीं नांवें ‘नातेर्सिया’ अशीं ठेवूं लागले, म्हणजे या कुळांत एक मानसकन्याही आहे.

गार्सियास कातारिना नांवाची बहीण होती. हें घराणें मूळचें यहुदी. पोर्तुगालांत सक्तीनें बाप्तिस्मा दिलेल्या अशा लोकांस ‘नवख्रिस्ती’ म्हणत, आणि त्यांच्या पिढ्या उलटल्या तरी त्यांचें रक्त ‘शुद्ध’ नाहीं हा कलंक कायम राही. तिकडील जाच असह्य झाल्यावर ही बहीण कुटुंबासह गोव्यास भावाच्या आश्रयाला आली. १५६० सालीं इन्क्विझिशनची न्यायसभाही तिच्यामागें समुद्र ओलांडून गोव्यास आली. गार्सियाच्या हयातींत त्याच्या थोरामोठ्यांच्या ओळखींनीं घराचें रक्षण झालें असावें. तो १५६८ त वारला. पुढच्याच वर्षीं कातारिना द ओर्ता, गुप्तपणें यहुदी धर्म पाळते या आरोपावरून, गोव्यांत जाळली गेली. घरच्यांच्या जबान्यांवरून गार्सियाही अंतर्यामीं यहुदीच होता असा निर्णय झाला, आणि १५८० सालीं त्याचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळण्यांत आलीं.

जर्मन भाषेंत पाखंड्यास ‘केट्सर’ म्हणतात. मध्ययुगीन फ्रान्समध्यें ‘काथार’, म्हणजे शुद्ध, या नांवानें ओळखला जाणारा एक पंथ होता. त्याचा समूळ उच्छेद झाला, आणि त्याच्या नांवावरून हा शब्द निघाला. म्हणजे त्याच ‘काथारॉस’चा एका बाजूस अर्थ ‘निर्मळ’, आणि दुसऱ्या बाजूस ‘जाळण्यास योग्य’.

गोव्यांत न्यायसभेचा वाडा से कॅथेड्रलच्या समोरच्याच चौकांत होता. कॅथेड्रलचें बांधकाम १५६२ मध्यें सुरू होऊन १६१९ पर्यंत चाललें. कातारिना द ओर्तेला जाळलें तेव्हां त्याच्या भिंती चढत होत्या. आंतील मुख्य वेदीवर सोन्याच्या मुलाम्याच्या चौकटींत संत कातारिनेच्या छळाचे प्रसंग दाखविले आहेत.